बिनसाखरेचं विधेयक

सोमवार, ८ जानेवारी

मला नियम समितीवर टाकलं. पत्रात 'नेमलं' असं आहे, पण आमच्या प्रतोदांनी ज्या घाईने ते हातात ठेवलं आणि सुटल्यासारखा चेहरा केला, त्यावरून 'टाकलं' हाच शब्द खरा. बाकीच्यांना पाणी, रस्ते, शाळा अशा समित्या मिळाल्या. निवडून येऊन महिना झाला तरी मला अजून सभागृहातला आपला बाक सापडत नाही, आणि मी नियम करणार!

प्रांत नवा, सभागृह नवं, निम्मे आमदारही माझ्यासारखे नवशिके. विधेयक कसं मांडायचं, कोणी किती बोलायचं, मतं कशी घ्यायची, काहीच ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत एकही कायदा करता येत नाही. म्हणजे गाडी तयार, बैल तयार, पण जू कुठे बांधायचं तेच माहीत नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं जनावरांची डॉक्टर होतीस. लाथ कुठून येते ते तुला कळतं. तेवढं पुरे."

बुधवार, १० जानेवारी

पहिली बैठक. इमारत पूर्वी कापडाचं गोदाम होती, त्यामुळे समितीच्या खोलीत अजून कोऱ्या कापडाचा वास येतो. आम्ही पाच जण. अध्यक्षस्थानी आजोबा. सभागृहातले सगळ्यात वयस्कर सदस्य, म्हणून नियम होईपर्यंत सभागृहाचे हंगामी अध्यक्षही तेच. आमच्याच पक्षाचे, पण डोळे मिटून बसतात, त्यामुळे कोणत्या पक्षाचे आहेत ते कळत नाही. आमच्याच पक्षाचा एक बागायतदार. समोरच्या मोठ्या पक्षाच्या वकीलबाई. आणि फुटकळ पक्षांच्या वतीने एक छापखानावाला.

या छापखानावाल्याने पहिल्या ओळीलाच हात वर केला. मसुद्यात होतं, 'अध्यक्ष योग्य वाटल्यास चर्चा थांबवून मतदान घेतील.'

"इथे 'अध्यक्ष'नंतर स्वल्पविराम हवा," तो म्हणाला.

वीस मिनिटं त्यावर गेली. मी मनात त्याचं नाव स्वल्पविराम ठेवून दिलं. शिडशिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर, बोटांच्या पेरांत शाई मुरलेली. वर म्हणतो कसा, "डॉक्टर, तुम्ही हसलात ते मला दिसलं."

दिसू दे.

सोमवार, १५ जानेवारी

आज भांडण झालं, पण कामाचं.

विधेयकाचे तीन टप्पे ठरले. आधी ते नुसतं मांडायचं. मग एकेक कलम घेऊन दुरुस्त्या सुचवायच्या. शेवटी सगळं मिळून हो की नाही ते ठरवायचं. मला हे पटलं. जनावरही आधी दुरून बघावं, मग हात लावून तपासावं, आणि निदान शेवटी करावं. असं बोलले तर स्वल्पविरामने ते वाक्य चक्क लिहून घेतलं.

भांडण पुढच्या नियमावर. चर्चा फार लांबली तर ती थांबवावी, असा प्रस्ताव कोणीही आणू शकतो. बागायतदार म्हणाला, "थांबवली की थांबवली." स्वल्पविराम म्हणाला, "विरोधातला निदान एक माणूस बोलून झाल्याशिवाय थांबवता येणार नाही, असं घाला."

"म्हणजे तुम्हीच बोलत बसणार," बागायतदार.

"बसून नाही, उभं राहून," स्वल्पविराम.

मी स्वल्पविरामच्या बाजूने मत दिलं. त्याच्यासाठी नव्हे. जनावर घेऊन आलेल्या माणसाला आधी काय झालं ते सांगू द्यावंच लागतं, भले तो चुकीचं सांगेना का. बागायतदार माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याच्या गाईला चुकीचं इंजेक्शन दिलं.

बैठक संपल्यावर स्वल्पविराम बसथांब्यापर्यंत सोबत आला. सारा रस्ता अर्धविराम आणि पूर्णविराम यांतला फरक ऐकवला. माणूस कंटाळवाणा आहे. बस तिसरी आली तेव्हा पकडली, आधीच्या दोन बोलण्याच्या नादात गेल्या.

शुक्रवार, १९ जानेवारी

मतदानाचा नियम मसुद्यात असा आहे: आधी अध्यक्ष विचारतील, बाजूचे 'हो' म्हणतील, विरोधातले 'नाही' म्हणतील. आवाजावरून अध्यक्ष निकाल सांगतील. तो पटला नाही तर सदस्य मोजणी मागू शकतात. मग उभं करून एकेक डोकं मोजायचं आणि नावं नोंदवायची. पण मोजणी मागायला दहा सदस्य उभे राहिले पाहिजेत.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दहा हा चांगला गोल आकडा आहे.

स्वल्पविरामने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "डॉक्टर, आपण एकूण एकसष्ट. तुमचे छत्तीस. वकीलबाईंचे सोळा. आम्ही सगळे फुटकळ मिळून किती राहिलो?"

नऊ.

मी आजोबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेला माणूस तोंड इतकं घट्ट मिटत नाही.

निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला. घरी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "आज काय म्हणाला तो स्वल्पविराम?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोज त्याचंच सांगतेस. बाकीचे तिघे काय मुके आहेत का?"

पण बोलतो तोच सगळ्यात जास्त, त्याला मी काय करणार?

सोमवार, २२ जानेवारी

प्रतोदांनी चहाला बोलावलं. प्रतोद म्हणजे पक्षाच्या माणसांना वेळेवर सभागृहात आणणारा आणि सांगितलेल्या बाजूला उभं करणारा. एका अर्थी गुराखीच. माणूस वाईट नाही. घाम पुसत पुसत खरं ते बोलतो.

"ताई, दहाचा आकडा राहू द्या. आपले छत्तीस आहेत, पण एका वेळी आत वीससुद्धा नसतात. कोणी फोनवर, कोणी उपाहारगृहात. दर कलमाला मोजणी झाली तर मला त्यांना हाकून हाकून आत आणावं लागेल. जीव जाईल माझा."

"मग ते आत का बसत नाहीत?"

"ताई," ते कळवळून म्हणाले, "तुम्ही नवीन आहात."

मग हळूच सांगितलं, की पशुसंवर्धन खातं अजून कुणाला दिलेलं नाही आणि वर माझं नाव निघालं होतं.

खोटं कशाला लिहू, मोह झाला. त्या खात्याचे दवाखाने मी आतून बघितले आहेत. कुठे औषधं नाहीत, कुठे टेबलाला तीनच पाय. मला ते खातं हवं आहे. इतकं हवं आहे की येताना बसमध्ये मी मनातल्या मनात बदल्यासुद्धा करून टाकल्या.

आणि दहा काय, नऊ काय! एका आकड्याने कोणाचं काय अडतं?

बुधवार, २४ जानेवारी

आज समितीत दहाचा नियम तीन विरुद्ध दोन असा मंजूर झाला. बागायतदार, आजोबा आणि मी एका बाजूला.

स्वल्पविरामने कागद नीट जुळवून पिशवीत घातले आणि निघून गेला. बसथांब्यावर मी एकटीच होते. पहिलीच बस मिळाली. लवकर घरी पोचले, तरी दिवस लांबच्या लांब वाटला.

गुरुवार, २५ जानेवारी

आज जे झालं ते आठवून अजून हसू येतंय आणि लाजही वाटतेय.

नवे नियम सगळ्यांना समजावेत म्हणून पूर्ण सभागृहाची रंगीत तालीम ठेवली होती. सरावासाठी एक लुटुपुटीचं विधेयक केलं: 'सभागृहाच्या आवारात चहात साखर घालू नये.' चिठ्ठ्या टाकून अध्यक्ष निवडायचा ठरलं आणि चिठ्ठी निघाली माझी.

उंच खुर्चीवर बसले. खालून सगळे फार लहान दिसतात. तीन टप्पे व्यवस्थित पार पडले. एकाने साखरेचे तोटे सांगितले, दुसऱ्याने गोडव्याचे फायदे. मग मी विचारलं, "या बाजूचे?"

आमच्यात एक सदस्य आहेत, पूर्वी बाजारात धान्याचा लिलाव पुकारायचे. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, आणि तेही त्या नावाला ओ देतात. त्यांनी गंमत म्हणून असा काही 'होऽऽ' ठोकला की खिडकीची काच थरथरली. दोनचार जण हसत हसत त्यांना सामील झाले.

"विरोधातले?"

सभ्य माणसं म्हणतात तसं, "नाही."

मला खरोखर 'हो' मोठा वाटला. तसं जाहीर केलं. स्वल्पविराम उठला, "अध्यक्ष महोदया, मोजणी मागतो." त्याच्याबरोबर त्यांचे बाकीचे आठ उठले. मी मोजलं. नऊ. नियम तर मीच केला होता.

"मागणी नियमात बसत नाही," मी म्हणाले. "विधेयक मंजूर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाला गेलो. चहा आला, पहिला घोट घेतला आणि चाळीसेक माणसांनी एकदम तोंडं वाकडी केली.

साखर नव्हती.

उपाहारगृहाला आजोबांचा हुकूम गेला होता. आम्ही त्यांच्याभोवती जमलो. "आजोबा, ती तालीम होती!"

आजोबांचे डोळे सताड उघडे. त्यांना स्वतःला डॉक्टरने साखर बंद केली आहे, ते बशीत ओतून मजेत पीत होते. "ठरावाच्या कागदावर 'मंजूर' असं आहे," ते म्हणाले. "सभागृहाने मंजूर केलेलं बदलणारा मी कोण?"

"पण आम्ही नाही म्हणालो होतो!" एकजण ओरडला. "मीही!" दुसरा. "अहो, मीसुद्धा!" हात वर होत गेले. वकीलबाईंनी तिथल्या तिथे मोजले. साखर हवी असणारे सेहेचाळीस निघाले.

"मग तेव्हा मोठ्याने बोलायचं होतं," आजोबा म्हणाले आणि बशी खाली ठेवली. "आता नियम मंजूर होतील त्या दिवसापर्यंत असाच चहा."

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात. आज ते जिभेवर कळलं. खुर्चीवर मीच होते. कान माझेच होते. कोणी लबाडी केली नाही, कोणी दमदाटी केली नाही, तरी सेहेचाळीस माणसं हरली.

स्वल्पविराम कोपऱ्यात तो कडू चहा पीत उभे होते. मी जवळ गेले. वाटलं, आता टोमणा मारतील. ते म्हणाले, "खुर्ची तुम्हाला शोभत होती."

मंगळवार, ३० जानेवारी

उद्या नियमांवर पूर्ण सभागृहाचं मतदान. चार दिवस सभागृहात दुसरा विषय नाही. माणसं पिशवीतून गुळाचे खडे आणतात. प्रतोद खिशात साखरेची पुडी घेऊन फिरतात आणि आपली माणसं त्यावर सांभाळतात.

मी दुपारी समितीच्या खोलीत दुरुस्ती लिहायला बसले. दहाच्या जागी तीन. लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. खरी अडचण प्रतोदांचीही खोटी नाही. एखादा खोडसाळ सदस्य दर ओळीला मोजणी मागेल आणि कामच होणार नाही.

स्वल्पविराम आले. मी कागद पुढे केला. वाटलं होतं, खूश होतील. ते म्हणाले, "खोडसाळपणाचं काय करायचं? आमच्यातच दोघे आहेत तसे."

बराच वेळ बसलो. शेवटी असं जमलं: मोजणी मागायला तीन सदस्य पुरेत. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर नावं नोंदवत बसायचं नाही. सदस्यांना जागच्या जागी उभं करून भराभर मोजायचं. पण मोजायचं.

"'पण'च्या आधी काय?" मी विचारलं.

"पूर्णविराम," ते म्हणाले. "तिथे थांबून दम घेतला पाहिजे."

संध्याकाळी प्रतोदांना जाऊन सांगितलं, की दुरुस्ती मी मांडणार. पाठीमागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं. त्यांनी घाम पुसला. "ताई, खातं गेलं बघा."

"माहीत आहे," मी म्हणाले.  जाऊ दे.

बसथांब्यावर स्वल्पविराम होते. बस आल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही कोणती घेता? म्हणाले, माझं घर गोदामाच्या मागेच आहे. म्हणजे हे रोज उगाच इतकं चालत येतात! बहुतेक डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल.

बुधवार, ३१ जानेवारी

झालं!

सुरुवातीलाच वकीलबाईंनी मुद्दा काढला. नियम अजून मंजूर नाहीत, तर नियमांवरचं मतदान कोणत्या नियमाने? आवाजाने घ्यायचं तर तसा नियमच नाही. सगळे गोंधळले. आजोबा डोळे मिटून बसले होते. मग डोळे न उघडता म्हणाले, "जिथे नियम नाही तिथे अक्कल वापरायची. डोकी मोजा."

मी उभी राहिले. लिहून आणलेलं भाषण बाकावर ठेवलं. म्हणाले, "मी तीस वर्षं मुक्या जनावरांत काढली. ज्या गाईला जास्त दुखतं ती जास्त हंबरते असं नसतं. बरेचदा जी गप्प उभी असते तीच मरायला टेकलेली असते. म्हणून आम्ही आवाजावर जात नाही, हात लावून बघतो. परवा या खुर्चीवर बसून मी आवाजावर गेले. तुमच्या चहाची साखर मी घालवली. उद्या त्या जागी कुणाची जमीन असेल, कुणाचं पाणी असेल. आज आपण छत्तीस आहोत. उद्या आपण नऊ असू, तेव्हा मोजा म्हणायला आपल्याला दहावा माणूस कुठून आणायचा?"

 बागायतदाराने छताकडे बघितलं.

मग वकीलबाई बोलल्या, स्वल्पविराम बोलले, आणि विरोधात प्रतोद. खरं सांगायचं तर प्रतोदच सगळ्यात चांगले बोलले. माणसं आणताना त्यांचे कसे हाल होतात ते त्यांनी असं सांगितलं की आम्ही सगळे हसलो आणि सगळ्यांना त्यांची दयाही आली.

मोजणी. बाजूच्यांनी उभं राहायचं. समोरचे पंचवीस उठले. आमच्या बाकांवर मी एकटी.  मग मागे एक खुर्ची करकरली. वळून बघितलं तर भोंगा, आणि तोंडातून चकार शब्द नाही. मग आणखी एक, आणखी दोघी, असे करता करता आम्ही आठ झालो.

तेहेतीस विरुद्ध सत्तावीस. आजोबांनी मत दिलं नाही, द्यायची वेळही आली नाही. त्या दुरुस्तीसह सगळे नियमही लगेच मंजूर झाले.

बाहेर आल्यावर भोंगाला विचारलं, तुम्ही कसे काय? ते खाजगी आवाजात, म्हणजे अर्ध्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, लिलावात बोबड्या माणसाचीही बोली धरावी लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी बाजारात कुत्रं येत नाही."

आणि मग साखरेचा चहा. प्रतोदांनी स्वतः माझ्या कपात चमचा ढवळला. "लाथ मारलीत ताई," ते म्हणाले, "पण सांगून मारलीत."

रविवार, ४ फेब्रुवारी

खातं बागायतदाराला मिळालं. वाईट वाटलं. दोन तास छान वाईट वाटलं, मग दवाखान्यांची सगळी रड एका कागदावर लिहून काढली आणि त्यावरून प्रश्न विचारायची तयारी केली. मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, हा नियमही आम्हीच घातला आहे. टेबलाचा चौथा पाय मिळवून दाखवीन.

सासूबाईंनी आज माझ्या केसांना तेल लावून दिलं. म्हणाल्या, "तुझा नवरा गेल्यापासून सात वर्षांत तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं." मी गुणगुणत होते हे मला माहीतच नव्हतं. काम मार्गी लागलं की होतं असं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

नव्या नियमांनी पहिलं खरं विधेयक मंजूर झालं. गावतळ्यांचं. तीन टप्पे, सहा दुरुस्त्या, एक मोजणी. मोजणीत स्वल्पविराम हरले, नऊला एक्कावन्न. तरी बाहेर येताना खुशीत. "हरलो, पण माझं नाव त्यात आहे," म्हणाले.

त्यांच्या कुत्र्याची तब्येत बरी नाही असं म्हणत होते. मी म्हटलं, रविवारी घरी घेऊन या, बघते.

रविवार, १८ फेब्रुवारी

सकाळी छापखानावाले कुत्रा घेऊन आले. स्वतः इस्त्रीचे कपडे घालून, कुत्र्यालाही आंघोळ घातलेली. सासूबाईंनी त्यांना पुढच्या खोलीत बसवून घरी कोण कोण, स्वयंपाक कोण करतं, मुलं कुठे असतात, गुडघे दुखतात का, असं सगळं विचारून घेतलं. एरवी त्या पाहुण्यांशी दोन शब्दांच्या पुढे जात नाहीत.

मी कुत्रा नीट तपासला. डोळे, दात, कान, पोट. ताप नाही, जखम नाही, शेपूट सारखं हलतंय. भूक म्हणाल तर आमच्या घरातल्या तीन पोळ्या एका दमात खाल्ल्या.

"याला काही झालेलं नाही," मी सांगितलं. "ठणठणीत आहे."

"असं होय," ते म्हणाले. जरा वेळ कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "तरी पुढच्या रविवारी पुन्हा दाखवून जातो. खात्री असलेली बरी."

ते गेल्यावर सासूबाई आत तोंडावर पदर धरून हसत होत्या की खोकत होत्या, कळलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "कुत्र्याचं दुखणं लांबणार असं दिसतंय."

कशावरून म्हणतात कोण जाणे. इतका हुशार माणूस, सगळं सभागृह त्यांच्या स्वल्पविरामाला घाबरतं, पण जनावराच्या बाबतीत अगदीच अडाणी. मी मात्र रविवारी कुठे जायचं नाही असं ठरवलं आहे. एकदा पेशंट हाती घेतला की मधे सोडू नये.